मरणार नाही असं झाड द्या

मी ऑर्किड. जन्म सगळा खिडकीत बसून काढला, पण एकदा भर रस्त्यातून जीव मुठीत धरून गाडीने गेले. तेवढा एक दिवस आणि त्याच्या मागचं-पुढचं सांगायचं आहे.

माझी फुलं पाहिली की लोक हटकून म्हणतात, "किती नाजूक!" तो गैरसमज आधी दूर करते. मी नाजूक नाही. पांढऱ्या रुंद पाकळ्यांची ही माझी जात घरात वाढवायला सगळ्यात सोपी. रोपवाटिकेत आमच्या पाटीवर फॅलेनॉप्सिस असं लांबलचक नाव लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचताना अडखळतं आणि सरळ म्हणतं, "ते पांढरं द्या."

माझा जन्म बाटलीतला. आमचं बी धुळीइतकं बारीक, त्याच्या पोटात शिदोरी म्हणून काही नसते. जमिनीत टाकलं तर वाया जातं. म्हणून काचेच्या बंद बाटलीत, खळीसारख्या घट्ट खाऊवर, आम्हा शेकडो बहिणींना एकत्र वाढवलं. बाहेर काढलं तेव्हा पहिल्याच वाऱ्याने कितीतरी जणींनी माना टाकल्या. मी उरले. का उरले, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे सालीच्या आणि कोळशाच्या तुकड्यांत पाय रोवले, पानामागून पान काढलं, आणि काही वर्षांनी पहिला दांडा आला. त्यावर कळ्या धरल्या, आणि एका सकाळी रोपवाटिकेच्या फाटकाशी एक गाडी करकचून थांबली. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी लाल पाटी.

उतरलेली बाई मोटार शिकवणारी होती. दिवसभर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपला जीव आपण सांभाळायचा, असा तिचा धंदा. त्यामुळे आवाज कायम एक पट्टी वर. तिला सगळे ताई म्हणत.

"मरणार नाही असं झाड द्या," ती आल्या आल्या म्हणाली.

रोपवाटिकेच्या मालकीणबाई हसल्या. "अहो, झाड आहे ते. लोखंडाचं कपाट नव्हे."

"मग त्यातल्या त्यात चिवट द्या. माझी भावजय पलंगाला खिळलीय. पाचवा महिना आहे, डॉक्टरांनी उठायचंच नाही म्हणून बजावलंय. याआधी दोनदा तिचं…" ताई थांबली. मग पर्सचा पट्टा खांद्यावर उगाच सारखा करत म्हणाली, "घरात आता काही मरता कामा नये. झाडसुद्धा."

मालकीणबाईंनी तोवर आमच्यातलीच एक जांभळी, झोकदार व्हँडा हातात घेतली होती. तिची मुळं पोरीच्या मोकळ्या केसांसारखी हवेत लोंबत होती. त्यांनी ती गुपचूप परत आकड्याला टांगली.

"खिडकीत सकाळचं ऊन येतं?"

"येतं. कोवळं असतं तोवर. पुढे समोरची इमारत अडवते."

"उत्तम. पाणी कोण घालणार?"

"मीच. दुसरं आहे कोण? भाऊ बोटीवर इंजिनिअर आहे, तो येईल तेव्हा येईल."

मग त्या आमच्या रांगेवरून हात फिरवत निघाल्या. एकीची कुंडी उचलून पाहिली, दुसरीचं पान चाचपलं. माझ्या शेजारणीची सगळी फुलं उमललेली होती. ताईचं बोट तिच्याकडेच गेलं.

"ती नको. तिचा बहर संपत आलाय. ज्यात अजून कळ्या आहेत ते न्या, म्हणजे बघत बसता येईल." असं म्हणून त्यांनी मला उचललं. "पानं ताठ आहेत, मुळं टणक आहेत. मुळं हिरवी दिसली की समजा पोट भरलंय. चंदेरी झाली की पाणी द्या. विसरलात तरी रुसणार नाही ही. फक्त शेंड्यात पाणी साचू द्यायचं नाही. उपाशी राहील, पण शेंडा कुजला की संपलं."

ताईने मान डोलावली आणि मला शेजारच्या सीटवर ठेवून वर पट्टाही बांधला.

ज्या खोलीत मी आले तिथला पलंग पायाकडून विटांवर उचललेला होता. त्यावर एक रुंद खांद्यांची बाई आढ्याकडे बघत पडलेली. ती ताईच्या धाकट्या भावाची बायको; तिच्या देखभालीला ताई आपलं घर बंद करून इथे राहायला आली होती. शेजारपाजार तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते. वहिनी पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पाण्यात मासोळीसारखी फिरणारी ही बाई आता कूस वळायलाही विचार करत होती.

"हे काय?" तिने विचारलं.

"झाड."

"ते दिसतंय. कशाला?"

"बघायला."

"ताई, मला फुलं आणू नका. मागच्या वेळी हॉस्पिटलात सगळ्यांनी फुलंच आणली होती."

"ती तोडलेली होती," ताई म्हणाली. "हे कुंडीतलं आहे." आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

या दोघींचं फारसं पटत नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी उमगलं. दोघी शिकवणाऱ्या. दोघींना हुकूम सोडायची सवय, ऐकायची मात्र एकीलाही नाही. ताई म्हणायची, "डाव्या कुशीवर राहा." वहिनी म्हणायची, "कळतं मला." ताई म्हणायची, "दूध संपव." वहिनी म्हणायची, "मी काय तुमची शिकाऊ आहे?" भांडण कधी पेटायचं नाही, नुसतं धुमसायचं. कारण दोघींनाही ठाऊक होतं, की या खोलीत आवाज चढवायची सोय नाही. घरभर जणू काचेचं सामान मांडलेलं होतं आणि दोघी त्यातून पाय जपून टाकत होत्या.

दार वाजलं की वहिनी दचकायची. पोटात जरा कळ आली की श्वास धरून बसायची. मग बराच वेळ पोटावर हात ठेवून वाट पाहायची. आत हालचाल झाली की मगच तिचे खांदे खाली यायचे. मी समोरच होते. तिच्याबरोबर मीही वाट पाहायला शिकले.

माझी पहिली कळी फुगली तेव्हा वहिनीने ताईला हाक मारून दाखवली. उमलली तेव्हा उशी जरा खिडकीकडे सरकवून घेतली. ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही. रस्त्यावर चारी बाजूंना नजर ठेवायची सवय ती!

मग ताई दर आठवड्याला रोपवाटिकेच्या रस्त्याने गाडी शिकवायला लागली. एकदा डेंड्रोबियम आलं, उसासारख्या कांड्यांचं, ओठांसारख्या गुलाबी फुलांचं. मग ऑन्सिडियम, जिची पिवळी फुलं म्हणजे झगे घालून नाचणाऱ्या इवल्या मुली. सगळ्या माझ्यासारख्याच कमी कटकटीच्या. सकाळी ताई आम्हाला एकेक करून मोरीत न्यायची, बुडाशी पाणी द्यायची, नीट निथळू द्यायची आणि परत आणून ठेवायची. वहिनी पलंगावरून सूचना करायची, "पिवळीला जरा मागे घ्या, तिची पानं पोळतायत." ताई म्हणायची, "मी बघते ना." पण मागे घ्यायची.

एका दुपारी ताईने रोपवाटिकेतून मोबाइलवर फोटो पाठवले. वहिनी ते मोठे करकरून पाहत राहिली. ताई घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "पुढचं मी ठरवणार. मला ती जांभळी हवी. मुळं लोंबणारी."

"व्हँडा? ती नाही जमायची. तिला रोज भिजवावं लागतं, कडक उजेड लागतो, हवा दमट लागते. मालकीणबाई म्हणाल्या, नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये."

"म्हणजे सगळं सोपं सोपंच आणायचं?"

"सोपं असलं म्हणून काय वाईट आहे?"

वहिनीचा चेहरा लाल झाला. ती हळूच म्हणाली, आणि हळू बोलली म्हणूनच ते जास्त लागलं, "मला अवघड काही जगवता येणार नाही, असं वाटतं ना तुम्हाला?"

ताईने हातातली पर्स टेबलावर ठेवली, परत उचलली. "स्वयंपाकाचं बघते," एवढंच म्हणून निघून गेली.

दोन दिवसांनी व्हँडा आली. ताईने खिडकीच्या वरच्या गजाला आकडा लावून तिला टांगली. बरोबर माझ्या डोक्यावर.

ती दिसायला राणी होती, आणि राणीसारखीच तिला उसंत नव्हती. ताई रोज सकाळी तिला बादलीत भिजवून, निथळवून टांगायची आणि कामाला जायची. पण त्या दिवसांत कोरडा, गरम वारा सुटला होता. दुपार होईस्तोवर तिची मुळं खडूसारखी पांढरी पडायची, पाकळ्या कडेने आकसायच्या. वहिनी पलंगावरून ते पाहत असायची. तिची नजर व्हँडावरून हलायची नाही.

आणि एका दुपारी वहिनी उठली.

आधी नुसती बसली. मग पाय खाली सोडले. भिंतीला धरून, पोटाखाली एक हात लावून ती खिडकीपाशी आली. उशाजवळचा पाण्याचा तांब्या तिच्या हातात होता. तिने व्हँडाच्या मुळांवर पाणी ओतलं. ते मुळांवरून धावत खाली आलं आणि टप टप टप माझ्या शेंड्यात पडलं.

मला ओरडता आलं असतं तर मी स्वतःसाठी ओरडले नसते. मी तिच्या पायांकडे पाहत होते. ती परत जाऊन आडवी झाली, पोटावर हात ठेवला आणि वाट पाहू लागली. बराच वेळ. मग खांदे खाली आले.

पुढे ती रोजच उठायला लागली. रोज पाणी व्हँडाला, आणि उरलेलं माझ्या शेंड्यात. दोन कोवळ्या पानांच्या बेचक्यात ते साठून राहायचं. आधी मला तिथे गार वाटलं, मग काही वाटेनासंच झालं. गंमत म्हणजे वर फुलं तशीच टवटवीत होती. पाहणाऱ्याला वाटावं, काय छान चाललंय हिचं!

एका सकाळी ताईने मला मोरीत नेण्यासाठी उचललं आणि तिची नजर शेंड्यावर गेली. तिने मधलं पान चिमटीत धरलं. पान अलगद हातात आलं. बूड तपकिरी, लिबलिबीत.

तिने वर व्हँडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग उशाजवळच्या तांब्याकडे. ती स्वतः कधी इथे पाणी घालत नव्हती. घरात तिसरं माणूस नव्हतं.

वहिनीने डोळे मिटून घेतले होते. झोपली नव्हती.

मला वाटलं, आता धुमसतं ते पेटणार. पण ताईने ते पान मुठीत मिटलं आणि ती मला घेऊन दाराकडे निघाली. माझी पाकळीन् पाकळी हलत होती. "हिला रोपवाटिकेत दाखवून आणते," ती दारातून म्हणाली. "तांब्या मी भरून ठेवलाय. प्यायला."

खाली गाडीत त्या वेळेचा शिकाऊ येऊन बसला होता. तो घड्याळं दुरुस्त करणारा. चांगला साठीला टेकलेला, हात अगदी स्थिर, पण रस्त्यावर आला की ससा. दोनदा परीक्षेत नापास झालेला, दोन्ही वेळा पुलाच्या चढावर गाडी बंद पाडून. ताई त्याच्या शेजारी बसली. तिच्या पायाशी तिचे स्वतःचे ज्यादा ब्रेक होते, मी मांडीवर. "आज रोपवाटिकेच्या रस्त्याने घ्या, काका," ती म्हणाली. "पुलाकडे नको?" "आज नको." काकांचा जीव भांड्यात पडला.

गाडी कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच ताईचा फोन वाजला. मला आतला आवाज ऐकू आला. दोनच शब्द.

"ताई, या."

पुढचं फार भरभर झालं. गाडी परत दाराशी. ताईने मला सीटवर टाकलं आणि ती धावली. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले, जणू सोडलं तर गाडीच पळून जाईल. अँब्युलन्स पुलापलीकडच्या हॉस्पिटलातून येणार होती आणि पुलावर वाहनांची रांग लागली होती. ताई आणि शेजारचे दोघे वहिनीला चादरीच्या झोळीत घेऊन खाली आले. चादरीवर लाल डाग पसरत होता.

ताईने तिला मागच्या सीटवर आडवं केलं. तिचे पाय कोणीतरी उचलून धरायला हवे होते. ताई मागेच बसली, पाय आपल्या खांद्याला टेकवून घेतले आणि म्हणाली, "काका, चला."

"मी?" काकांनी मागे वळून पाहिलं. "पण तुम्ही इथे शेजारी…"

"मी मागे आहे. गाडी तुमच्या हातात आहे. चला!"

शेजारची जागा रिकामी होती. म्हणजे तिथे मी होते, आणि माझ्याखाली ते ज्यादा ब्रेक, ज्यांवर आता कोणाचाच पाय नव्हता.

गाडी हिसका देऊन निघाली. मी कलंडले, दरवाज्याला टेकले, एक फूल तुटून खाली पडलं. मागून ताईचा आवाज, "दुसरा टाका. आरसा बघा. हॉर्न द्या, हॉर्न! लाजू नका!" वळणावर तिचा पाय सवयीने ब्रेक दाबायला खाली आपटायचा आणि नुसत्या पत्र्यावर वाजायचा.

"ताई," वहिनी म्हणाली. "बाळ हलत नाहीये."

"थांब जरा. हलेल."

"मी उठत होते, ताई. रोज. त्या व्हँडाला पाणी घालायला. माझ्यामुळेच…"

"बोलू नकोस. श्वास घे. तलावावर पोरांना काय सांगतेस ते सांग मला."

वहिनीला धाप लागली होती. "नाकाने आत," ती म्हणाली. "तोंडाने बाहेर. पाण्याशी भांडायचं नाही."

"हां. मग तेच कर."

आणि समोर पुलाचा चढ आला. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. ऐन चढावर काकांच्या हातून इंजिन बंद पडलं. गाडी वीतभर मागे घरंगळली. मागे मोठा ट्रक होता. त्याने असा भोंगा मारला, की माझी पानं थरारली. काकांनी हातब्रेक ओढला, चावी फिरवली, गाडी गुरगुरली आणि परत बंद. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. "नाही जमत," ते म्हणाले. "ताई, नाही हो जमत मला."

मला वाटलं, ताई आता आभाळ फाडणार. पण इतक्या दिवसांत ऐकला नव्हता असा तिचा आवाज आला. मऊ, खालचा.

"काका, घड्याळाचं बारीक चाक कसं बसवता? घाईने?"

"नाही…"

"तसंच करायचं. हातब्रेक ओढलेला आहे, गाडी कुठे जात नाही. चावी. आता क्लच सोडा. अजून थोडा. अजून. इंजिनाचा आवाज जड झाला? तिथेच थांबा. आता हातब्रेक खाली."

गाडी क्षणभर जागीच थरथरली. मग पुढे सरकली. मागचा भोंगा आपसूक गप्प झाला. काका रडत होते आणि चालवत होते.

हॉस्पिटलच्या दाराशी चाकांची खाट आली, माणसं आली, वहिनी गेली, तिच्यामागे ताई गेली. काकांना गाडी सोडून जाता येईना आणि एकट्याने घरी नेण्याची सोय नव्हती. ते तसेच बसून राहिले. ऊन चढलं, गाडीची भट्टी झाली. माझी पानं मऊ पडू लागली. तेव्हा कुठे त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"अगं, तू इथेच होय!" त्यांनी काचा खाली केल्या, मला सावलीच्या बाजूला घेतलं. चष्मा वर सरकवून शेंड्यात डोकावले. मग खिशातून घड्याळं पुसायचा मऊ कपडा काढला, त्याचं टोक पीळ देऊन बारीक केलं आणि माझ्या शेंड्यातलं पाणी टिपू लागले. फार उशीर झाला होता, पण मी त्यांना कसं सांगणार? त्यांना काहीतरी करायला हवं होतं. मी करू दिलं.

ताई आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. ती मला उचलून मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसली.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "मूठभर. काचेच्या पेटीत ठेवलीय."

"आणि तिची आई?"

"रक्त फार गेलंय. अजून शुद्धीवर नाही."

काकांनी तोंड फिरवलं. ताई समोर बघत राहिली. आणि त्या उभ्या, बंद गाडीत तिने दोन्ही पायांनी आपल्या बाजूचा ब्रेक करकचून दाबून धरला. कितीतरी वेळ दाबून धरला.

वहिनी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली, हे मला ताईच्या पावलांवरून कळलं. त्या दिवशी ती घरात आली तेव्हा चप्पल ओढत नव्हती. पण मुलगी अजून पेटीतच. काचेत वाढणाऱ्यांना बाहेरची हवा सोसायला वेळ लागतो, ते मला कोणी सांगायला नको.

ताईचे दिवस हॉस्पिटलात जायचे. आमच्याकडे बघायला तिला फुरसत नव्हती. मुळं चंदेरी झाली, तशीच राहिली. मी, डेंड्रोबियम, पिवळी, आम्ही कळ काढली. आम्हाला निवडलंच होतं त्यासाठी. व्हँडाला मात्र कळ काढता येत नव्हती. तिची पानं एकेक करून गळाली. तिचा काही दोष नव्हता. तिला हवं होतं ते द्यायला त्या घरात तेव्हा कोणी नव्हतं, इतकंच.

मधे एकदा सवड काढून ताईने मला रोपवाटिकेत नेलं. मालकीणबाईंनी सडलेला भाग कापून काढला, जखमेवर दालचिनीची पूड दाबली आणि म्हणाल्या, "शेंडा गेला. आता ही वर वाढायची नाही. बुडाशी फुटली तर फुटली."

वहिनी घरी आली ती एकटी. खिडकीशी जाऊन रिकाम्या आकड्याकडे बघत उभी राहिली. आता तिला उठायला कोणाची बंदी नव्हती.

"गेली ना?"

"गेली," ताई म्हणाली.

"आणि हिचा शेंडा माझ्यामुळे गेला. ताई, तिकडे ती पेटीत आहे, तीसुद्धा माझ्यामुळेच. बोला ना. तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, मग ओरडला का नाहीत?"

ताई पलंगाच्या कडेवर टेकली. "मी डॉक्टरांना विचारलं. पहिल्याच दिवशी, तू शुद्धीवर नव्हतीस तेव्हा. चार पावलं चालल्याने असं होत नाही, म्हणाल्या. वार खाली सरकलेली होती. तू झोपून राहिली असतीस तरी हे व्हायचंच होतं."

वहिनी तिच्याकडे पाहत राहिली. "मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारशील, मग सांगेन म्हटलं. माझं चुकलं ते. आणि आधीचंही चुकलं. तुला अवघड झेपणार नाही, असं मीच धरून चालले होते. बोलले नाही, पण तू बरोबर ओळखलंस."

वहिनी ताईच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ताईला अशा गोष्टींची सवय नव्हती. ती गाडीत बसल्यासारखी ताठ बसून राहिली. मग हळूहळू तिचाही खांदा सैल झाला.

मुलगी घरी आली तेव्हा दुपट्यात ती दिसतच नव्हती, नुसता आवाज होता. पण आवाज असा खणखणीत, की वहिनी म्हणाली, "आत्यावर गेलीय!" पाठोपाठ भाऊ बोटीवरून आला, आणि ताईची निघायची वेळ झाली.

"यातलं एक घेऊन जा," वहिनी म्हणाली. डेंड्रोबियम तेव्हा भरभरून फुललं होतं, पिवळीने नवा दांडा धरला होता. "कोणतंही. तुम्हीच आणलीत सगळी."

ताईने रांगेवरून नजर फिरवली आणि मला उचललं. माझ्यावर तेव्हा एकही फूल नव्हतं. उरली होती नुसती खालची पानं.

"ताई, अहो, तिचा शेंडा गेलाय. ती वाढणार नाही आता."

"वाढायला कोण सांगतंय तिला?" ताई म्हणाली. "मला सोबत हवीय."

तेव्हापासून मी इथे आहे, ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. घर लहान, माणूस एकच. माझी पानं दोन, पण ताठ आहेत. हल्ली बुडाशी एक हिरवा ठिपका दिसायला लागलाय. ताई रोज सकाळी चष्मा लावून तो न्याहाळते. मूळ असेल, दांडा असेल, किंवा माझ्या अंगाचं नवं पिल्लू असेल. तिला कळत नाही आणि खरं सांगते, मलाही अजून कळलेलं नाही.

तुम्ही कधी आमच्यापैकी कोणाला घरी न्यायला निघालात, तर एवढं ऐका. आधी आपली खिडकी बघा, आपला वेळ बघा, आणि मग झाड निवडा. सोपं झाड निवडण्यात कमीपणा नाही. मुळांना विचारून पाणी द्या, शेंडा कोरडा ठेवा. आणि फुलं गळाली म्हणून आम्हाला कचऱ्यात टाकू नका. फुलं नसतात तेव्हाही आम्ही जिवंत असतो. काम आतल्या आत चाललेलं असतं.

खाली हॉर्न वाजतोय. नवा शिकाऊ आलेला दिसतोय. फार घाबरत घाबरत वाजवतोय बिचारा. ताईने पर्स आडवी अडकवली, किल्ल्या घेतल्या, मला उजेडाकडे जरासं वळवलं. आता ती दार ओढून घेईल आणि कुलूप लावायच्या आधी फटीतून रोज म्हणते तेच म्हणेल,

"येते गं."

रिकाम्या घराला कोणी असं सांगून जात नाही.